इमान दुरुस्त करणारी

"साजे, आदी अर्थ बघ. अर्थ न्हाय तितं करंट जाऊन काय करणार?"

हा अब्बांचा आवाज. मी सात वर्षांची असेन. भवानीनगरला कारखान्याच्या गेटाबाहेर उसाच्या ट्रॉल्या रांगेला लागल्या की अब्बांचं दुकान सुरू व्हायचं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, एक बाकडं, आणि बॅटरीच्या पाण्यानं चाळण झालेला अब्बांचा शर्ट. ट्रॅक्टरचा दिवा लागला नाही की ड्रायव्हर म्हणायचा बल्ब गेला, मालक म्हणायचा बॅटरी गेली, आणि ट्रॅक्टरखाली उताणे झोपलेले अब्बा तिथूनच मला सांगायचे, आदी अर्थ बघ. अर्थ म्हणजे अर्थिंग. गेलेल्या विजेला माघारी यायला वाट लागते. माहेराला यायला रस्ता नसलेली लेक आणि अर्थ नसलेली तार, दोन्हींचं मन कशात लागत नाही, असं ते म्हणायचे. पुढे शाळेत मराठीच्या बाईंनी कवितेचा अर्थ विचारला, तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "बाई, कुठल्या बोल्टाला जोडलाय?" बाईंनी तासभर उभंच ठेवलं.

आज मी पंचवीस वर्षांची आहे, आणि भवानीनगरपासून इंदापूरपर्यंत रस्त्याच्या कडेनं माझे सात फ्लेक्स लागलेत. एक तर निवडणुकीतल्या भावी सरपंचाच्या आणि एका बैलाच्या वाढदिवसाच्या मधोमध आहे. फ्लेक्सवर मी निळ्या गणवेशात उभी आहे. गणवेश फोटोवाल्याचा, मागून चिमटे लावून मापात आणलेला. गळ्यात हेडफोन आहे, तो त्याच्या भाच्याचा गेम खेळायचा. पाठीमागे एवढं मोठं विमान आहे की त्याचं शेपूट दुसऱ्या फ्लेक्सवर गेलंय. खाली लिहिलंय: कु. साजिया मुबीन मुलाणी. विमान क्षेत्रात कार्यरत. तुम्ही केव्हा?

विमान क्षेत्र म्हणजे बारामतीतली नभांगण विमानविद्या अकॅडमी, आणि कार्यरत म्हणजे तिथं दाराशेजारच्या टेबलावर फोन उचलते ती मी.

आमच्या अकॅडमीत विमान आहे. म्हणजे विमानाचा डावा पंख आहे. उजवा पुढच्या बॅचला येणार, असं आमच्या बॅचला सांगितलं होतं. आमच्या पुढच्या बॅचलाही तेच सांगितलं, आणि आता ते सांगायचं काम माझ्याकडे आलंय. पंख भिंतीला टांगलाय, त्याच्याखाली उभं राहून पालक फोटो काढतात. एका आजोबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. ते अजून पुसलेलं नाही. अकॅडमीतली तेवढी एकच गोष्ट मनापासून झालेली आहे.

संचालक मल्हारसर. त्यांनी आधी इंग्रजी बोलायचे क्लास काढले होते, मग कोंबडीची पिल्लं उबवायचं मशीन आणलं, आणि पिल्लं उडेनात म्हणून बहुतेक या धंद्यात आले. माणूस वाईट नाही. लहानपणी वैमानिक व्हायचं होतं, चष्म्यानं घात केला, हे सांगताना त्यांचे डोळे खरंच भरतात. दर बॅचला एकदा भरतात.

दोन वर्षं मी तिथं विमानाचं इलेक्ट्रॉनिक्स शिकले. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून शिकले. हा डबा उंची सांगतो, हा दिशा सांगतो, हा खालच्या माणसाशी बोलतो, हा ढगात काय दडलंय ते बघतो. बगळ्याला जे आईनं न शिकवता कळतं, ते विमानाला कळावं म्हणून माणसानं किती डबे केलेत, आणि प्रत्येक डब्यातून किती तारा, जशा काही केसांच्या बटा, एकेक विंचरून बांधलेल्या. मला ते फार आवडलं होतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. एका चित्रातल्या तारांचा जुडगा बघून मला अम्मीनं घातलेली वेणी आठवली होती, आणि त्या रात्री झोप लागली नव्हती.

प्रात्यक्षिक मात्र मिक्सरच्या बोर्डावर झालं. सोल्डरिंग शिकवणारे सर आलेच नाहीत, तेव्हा बॅचला सोल्डरिंग मीच शिकवलं. मला ते येत होतंच, टपरीतलं. आम्ही अकरा जण होतो. विशाल मोबाईलच्या टॉवरवर चढतो, म्हणजे उंचीवरची नोकरी त्याला लागली असं मल्हारसर सांगतात. दोघं भिगवणला कॅमेरे बसवतात. एक उसावर ड्रोननं औषध मारतो. त्याचं निदान काहीतरी उडतं. बाकीच्यांची लग्नं झाली. उरले मी. शंभर टक्के नोकरीची हमी दिली होती, आणि हमी मोडायला नको म्हणून अकॅडमीनंच मला नोकरी दिली. काम एकच: बारावी झालेल्या पोरापोरींना फोन करून सांगायचं, की शंभर टक्के नोकरी लागते, माझंच बघा.

त्याआधी एक फोन मी स्वतःसाठी केला होता. मुंबईला, विमानं दुरुस्त करतात अशा एका ठिकाणी. फोनवरचा माणूस भला होता. त्यानं विचारलं, तुमच्या संस्थेचा मान्यता क्रमांक सांगा. आमच्या माहितीपत्रकावर 'मान्यता प्रक्रियेत' असं सोनेरी अक्षरात आहे, पण क्रमांक नाही. मी ऑफिसातल्या भिंतीवरच्या चौकटीतला नंबर वाचून दाखवला. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, हा दुकानाच्या परवान्याचा नंबर आहे." मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. मान्यता असलेल्या संस्थेतलं शिक्षण, सरकारच्या परवान्याचे पेपर, मग हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, सही करणाऱ्या इंजिनिअरच्या हाताखाली काही वर्षं काम, मग परवाना. चांगलं काम आहे, माणसं लागतात, मुलीही आहेत आमच्याकडे, म्हणाला. फक्त तुमचा कागद इथं चालणार नाही.

त्या दिवशी मी घरी गेले. अब्बा हात धूत होते. काय म्हणाले मुंबईवाले, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं साबण घासत राहिले. तेव्हा मी म्हणाले, मला अकॅडमीतच घेतलंय. विमानांचं काम बघते.

खोटं कुठं होतं? माझ्या टेबलाजवळ खिडकी आहे. तिच्यातून बारामतीच्या विमानतळाच्या धावपट्टीवरून उठणारी शिकाऊ विमानं दिसतात. सकाळपासून मी त्यांचं काम बघतेच.

आता आमच्याकडच्या बोलीचं सांगायला पाहिजे. आमच्या रानात 'वि' टिकत नाही. विहिरीची इहीर होते, विचाराचा इचार होतो, आणि विमानाचं होतं इमान. तर महिनाभरात टपरीपासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत एकच बोलणं झालं: मुबीनभाईची पोरगी इमान दुरुस्त करती.

अम्मीला हसू आवरेना. तिच्या तोंडी हा शब्द दिवसातून पाचदा येतो, पण नमाजाच्या वेळी, निराळ्या कामासाठी. ती म्हणाली, "अगं, इमान दुसऱ्याकडनं दुरुस्त करून घेत्यात व्हय? ते ज्याचं त्यानंच करायचं असतं." सगळे हसले. मी जरा जास्तच हसले.

अब्बा नाही हसले. त्यांना त्या दिवसापासून नवी सवय लागली. शिकाऊ विमान भवानीनगरवरून गेलं, की हातातलं काम ठेवून ते टपरीच्या बाहेर येत, कपाळावर हात धरत, आणि इंजिनाचा आवाज पार विरेपर्यंत ऐकत. मग जो कोण गिऱ्हाईक असेल त्याला सांगत, "आमच्या साजियाच्या हातचं हाय." दिवसातून चार विमानं गेली तर चार वेळा. बाजरी राखणाऱ्या माणसाचं पाखरांकडे नसेल एवढं त्यांचं आभाळाकडे लक्ष.

शेळगावच्या फुलाबाईनं तर ओवीच केली. फुलाबाई म्हणजे गोकुळरावांची चुलती; लग्नकार्यात हिच्या गळ्याशिवाय हळद लागत नाही. गोकुळराव अब्बांचं जुनं गिऱ्हाईक, डाळिंबवाले. त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून एकदा फुलाबाई टपरीवर आली, वरून विमान गेलं, अब्बांनी कपाळावर हात धरला, आणि बाईनं तिथल्या तिथं बांधली:

इमान उडतं गं, उसाच्या तुऱ्यावरी
साजियाबाईची बोटं त्याच्या काळजावरी.

इमानाची गं तार, नाजूक जशी नाडी
मुबीनभाईची लेक रोज तपासून सोडी.

सात फ्लेक्स मी पचवले होते. ही ओवी पचेना. फ्लेक्स उन्हानं विटतो, पावसानं फाटतो. ओवी एकदा बायकांच्या तोंडी गेली की तीन पिढ्या उतरत नाही. माझं खोटं आता जात्यावर गेलं होतं.

आणि मग राजनंदिनी आली.

राजनंदिनी ही गोकुळरावांची धाकटी. बारावी सायन्स, मार्क चांगले. घरातला रेडिओ, पंपाचा स्टार्टर, काकाचा मोबाईल, सगळं तिनं एकदा तरी उघडलेलं, आणि त्यातलं निम्मं पुन्हा बसवलेलं. तिला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत जागा पक्की करायची, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. पण पोरगी म्हणत होती, मला इमानाचं शिकायचंय, साजियाताईसारखं. तिच्या वह्यांच्या कप्प्यात आमचं माहितीपत्रक होतं, माझ्या फोटोसकट.

गोकुळराव शुक्रवारी टपरीवर येऊन अब्बांशी बोलले. मी तिथंच चहा देत होते. ते म्हणाले, सरकारी जागा सोडायला जीव धजत न्हाय, पण पोरीचं मन तिकडं. मग कपाकडे बघत म्हणाले, आता साजिया सांगंल तसं करायचं.

अब्बा म्हणाले, "इमानाच्या कामाला इमानाच्याच माणसाला इचारावं."

मी म्हणाले, रविवारी इंदापूरला आमचा मेळावा आहे, तिथं सगळी माहिती देतील. आणि कप घेऊन आत गेले. कप स्वच्छ झाले तरी बराच वेळ धूत बसले.

रविवारचा करिअर मार्गदर्शन मेळावा इंदापुरातल्या एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं. स्टेजमागच्या 'शुभविवाह'वर आमचा फ्लेक्स लावला होता, पण तो थोडा आखूड पडला, त्यामुळे बाहेरून दिसत होतं: शु, नभांगण विमानविद्या अकॅडमी. नवरानवरीच्या मखमली खुर्च्यांवर मल्हारसर आणि प्रमुख पाहुणे बसले. पाहुणे म्हणजे एक खतांचे विक्रेते. त्यांनी एकदा दुबईपर्यंत विमानानं प्रवास केला होता, एवढी त्यांची या क्षेत्रातली पात्रता. दीप लावला, हार घातले, नारळ दिले. विमानापर्यंत यायला तासभर लागला.

माझं भाषण मल्हारसरांनीच लिहून दिलेलं असतं. सहा मेळाव्यांत तेच केलंय. त्यात 'पहिला स्पर्श' नावाचा भाग आहे: विमानाच्या आत मी प्रथम हात घातला, आणि अंगावर शहारा आला. शहाऱ्याच्या पुढे कंसात लिहिलंय, दोन सेकंद थांबणे. मी थांबते. आया पदर डोळ्याला लावतात.

पण त्या दिवशी माइकच बोलू देईना. सुरू झाल्यापासून एकसारखा भुंऽऽ करत होता, गांधीलमाशीच्या पोळ्यासारखा. साउंड गुलजारचाचाचा. गुलजारचाचा अब्बांचा चुलतभाऊ. इंदापुरातली निम्मी लग्नं त्याच्या भोंग्यांवर लागलेली. त्यानं माइक बदलला, वायर बदलली, भोंग्याला थापटी मारून पाहिली. भुंऽऽ चालूच. मल्हारसर हजरजबाबी माणूस, ते उठून म्हणाले, हा विमानाचाच आवाज समजा, आत्तापासून सवय करा. टाळ्या पडल्या. दुसरा विनोद करायला त्यांनी तोंड जवळ नेलं, आणि माइकनं त्यांच्या मिशीला असा झटका दिला की चष्मा पाहुण्यांच्या मांडीवर.

मग कुणी माइकला हात लावेना. लोक चुळबुळू लागले. तिसऱ्या रांगेत अब्बा बसले होते, धुतलेला शर्ट घालून. एका बाजूला गोकुळराव, त्यांच्या पलीकडे राजनंदिनी आणि फुलाबाई. अब्बा अर्धवट उठले. तो भुंऽऽ ऐकून त्यांचे हात वळवळत होते, हे मला स्टेजवरून दिसत होतं. पण ते उठता उठता थांबले, खाली बसले, आणि कुणाला विशेष न सांगता, पण चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची साजिया हाय की तितं."

झालं. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. इमान दुरुस्त करणारीला भोंगा काय जड.

माझ्या पर्समध्ये अब्बांचा टेस्टर असतो. पिवळ्या मुठीचा, मुठीवर त्यांच्या दातांच्या खुणा. अकॅडमीत नाव घातलं त्या दिवशी त्यांनी दिला होता. दोन वर्षं शिकताना आणि दोन वर्षं फोन उचलताना तो एकदाही बाहेर निघाला नव्हता. मी तो काढला आणि स्टेजमागे गेले.

आधी अर्थ बघ.

सगळी मशिनं एका एक्स्टेन्शन बोर्डावर होती. मी मेन स्विच बंद केला, पिन उपसली. तीन पायांची पिन, वरचा तिसरा पाय चांगला जाड, पितळी, लखलखीत. अर्थचा पाय. बोर्डाचे स्क्रू सोडले आणि उघडला. लाल तार जागेवर, काळी तार जागेवर. हिरवी तार मात्र कापून, दुमडून, कोपऱ्यात चिकटपट्टीखाली निजवलेली. पाय होता, पायाला तार नव्हती. तो नुसता दाखवायला.

गुलजारचाचा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. तो कानाशी म्हणाला, "चालून जातं गं पोरी. आत कोण उघडून बघतंय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो साउंडचंच बोलत होता. बिचाऱ्याला माझ्या टेबलाचं काय माहीत.

हिरवी तार दातानं सोलली. टपरीतली सवय. तांब्याचे केस पिळून एक केले, स्क्रूखाली घालून आवळले, बोर्ड बंद केला, पिन पुन्हा खोचली, स्विच दाबला.

भुंऽऽ गेला.

दळण संपवून बाईनं खुंट्यावरचा हात काढावा, आणि जात्याभोवती जी शांतता उरते, तशी शांतता त्या कार्यालयात पसरली. पंख्याचं पातं ऐकू आलं. मागच्या रांगेतलं तान्हं चुकचुकलं ते ऐकू आलं. मग टाळ्या सुरू झाल्या. अब्बा टाळ्या वाजवत नव्हते. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि त्यांची हनुवटी एवढी वर होती की जणू टोपी नव्हे, फेटा बांधलाय.

मल्हारसरांनी रुमालानं पुसून माइक हातात घेतला. बघा, म्हणाले, हे आमच्या अकॅडमीचं प्रशिक्षण. मिक्सर असो, माइक असो, विमान असो, तत्त्व एकच. मग ते म्हणाले, आता साजिया मॅडम आपला 'पहिला स्पर्श' सांगतील, आणि माइक माझ्या हातात दिला. माइक आता गार आणि गप्प होता. पाळलेल्या जनावरासारखा.

मी कागद उघडला. कधी नव्हे ते माझा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता, आणि तो मला आवडत नव्हता. दोन वाक्यं वाचली. शहाऱ्यापर्यंत आले. दोन सेकंद थांबले. आया पदराकडे हात नेणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेत हात वर झाला.

राजनंदिनी उभी राहिली. मल्हारसरांनी प्रश्न शेवटी म्हणून हातानं खूण केली, पण तिचं लक्ष माझ्याकडे होतं.

"ताई, आत्ता तुमी ते बोर्ड उघडलं ना, तसं इमानाचं पयल्यांदा उघडलं, तवा आत काय होतं?"

कागदावर शहारा होता. आत काय होतं, ते कागदावर नव्हतं. सहा मेळाव्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. लोक विचारतात पगार किती, गाव कोणतं, कपडे कसले. ही रेडिओ उघडणारी पोरगी. हिला आत काय होतं तेवढंच हवं होतं. तिच्या हातात ते माहितीपत्रक होतं, आणि माझ्या फोटोच्या तोंडावर तिचा अंगठा होता.

मला कोपऱ्यात निजवलेली ती हिरवी तार दिसत होती.

मी कागदाची घडी घातली. राजनंदिनीला म्हणाले, उद्याच्या उद्या कॉलेजात जाऊन तुझी जागा पक्की कर. इलेक्ट्रॉनिक्स शीक. ते शिकून विमानाकडे जायला वाट आहे, आणि नीट वाट आहे. थेटच जायचं असेल तर मान्यता असलेल्या संस्थेत जा, आणि नाव घालायच्या आधी मान्यतेचा कागद माग. 'प्रक्रियेत' म्हणाले तर उठून ये. सरकारच्या परवान्याचे पेपर असतात, ते द्यावे लागतात. मग हँगरमध्ये दुसऱ्याच्या सहीखाली काही वर्षं राबावं लागतं. हे काम मोठं आहे, खरं आहे, आणि मुलींना येतं. फक्त ते आमच्या डाव्या पंखाखाली येत नाही.

मांडवात कुजबूज सुरू झाली. खतवाले पाहुणे मल्हारसरांना विचारत होते, हे भाषणात आहे का? मल्हारसरांनी हसतमुखानं, अगदी हळूच, गुलजारचाचाकडे बघून हात खाली दाबला, आवाज बंद कर अशा अर्थी. गुलजारचाचानं माझ्याकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं. त्याचं बोट बटणावर होतं. ते तसंच राहिलं.

गोकुळरावांनी मान खाली घातली होती. फुलाबाईचा पदर तोंडाला होता. राजनंदिनी अजून उभीच, आणि तिचा प्रश्नही उभाच. अब्बा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. वीज कुठं अडकलीय, याचा माग काढताना ते बघतात तसे.

आणि नेमकं तेव्हा उजनी धरणाच्या पाण्याकडून एक शिकाऊ विमान आलं. इंदापूरवरून ती कधीमधी वळतात. बारीक घरघर पत्र्यावरून सरकत गेली. अब्बांची मान आपोआप वर गेली. वर नुसता पत्रा, झालर, आणि कालच्या लग्नाचे फुगे. तरी त्यांनी कपाळावर हात धरला. त्यांच्या शेजारचा एक पाहुणाही वर बघायला लागला, आणि अब्बांचे ओठ नेहमीचं ते वाक्य सांगायला उघडले.

माइक माझ्या ओठाशी होता. त्यात आता काही घोंघावत नव्हतं.

"अब्बा," मी म्हणाले, "ते माझ्या हातचं न्हाय. मी अजून इमानाला हात लावलेला न्हाय."